बाबगोंडा हे गाडीचं नाव नव्हे

जुन्या, खिळखिळ्या मोटारीला बाकी महाराष्ट्र खटारा म्हणतो. खटारा म्हणजे मुळात ओझं वाहणारी बैलगाडी; तिचं नाव पुढे मोटारीला चिकटलं. आमच्याकडे, सांगलीपासून साताऱ्यापर्यंत, त्याच अर्थाचा आणखी एक शब्द चालतो. बाबगोंडा. ‘ह्या बाबगोंड्यातनं कवा पोचायचं?’ असं लोक म्हणतात. चढाला मोटार धापा टाकायला लागली की ‘झाला बाबगोंडा’ म्हणतात. लग्नात नवरदेवाला जुनी गाडी आली तर करवल्या पदराआड हसत विचारतात, ‘बाबगोंडा कुणाचा आणला गं?’

हा शब्द कुठून आला, याबद्दल मी बऱ्याच गोष्टी ऐकल्या. एका शिक्षकांनी सांगितलं, तो कानडी आहे आणि त्याचा अर्थ थकलेला बैल. दुसरे एकजण म्हणाले, ते कुठल्यातरी विलायती कंपनीचं नाव, आपल्या लोकांनी आपल्या तोंडाला सोयीचं करून घेतलं. मी दोघांचं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि उठलो. साठेक वर्षं मी हा शब्द निघाला की असाच उठत आलो.

बाबगोंडा हे एका माणसाचं नाव होतं. ते मोटारीला मी लावलं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नातवाची गाडी माधवनगर रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेली होती. गॅरेजवाला बंडू तिशीचा, बोलका पोरगा. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, “आजोबा, नातवाला एवढा पगार हाय, आन् ह्यो बाबगोंडा कशाला फिरवतोय?” नातू हसला. मीही ओठ हलवले असतील. पण शेजारी मोटारीचे पाटे ठोकणाऱ्या लोहाराचं दुकान होतं, आणि त्यानं तेवढ्यात भट्टीत कोळसा टाकला. रात्री पाऊस झाला होता. कोळसा ओला होता.

ओला कोळसा पेटताना एक वास सुटतो. कडवट, जरासा आंबूस, घशाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. धूर काळा नसतो. पांढरट आणि जड असतो, जमिनीजवळ रेंगाळतो. तो धूर माझ्या पायांपर्यंत आला आणि मी तिथल्या एका टायरवर बसलो.

“आजोबा, पानी आनू का?” बंडूनं विचारलं.

पाणी नको होतं.

*

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेनासं झालं होतं. तेव्हा सरकारी मोटारी नव्हत्या, खाजगी मालकांच्या सर्व्हिस गाड्या होत्या, आणि त्या कोळशावर चालत. गाडीच्या मागे पुरुषभर उंचीचं लोखंडी पिंप बसवलेलं असे. त्याला आम्ही भट्टी म्हणायचो. वरून कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, हाताच्या पंख्याचं हँडल पंधरा-वीस मिनिटं फिरवायचं, मग त्याचा वायू नळीतून इंजिनात जायचा. सुरुवातीला बाटलीभर पेट्रोल लागे, तेवढंच. आजच्या पोरांना हे सांगितलं तर वाटतं म्हातारा काहीतरी जुळवतोय.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, लग्न झालेला, त्या गाडीवर कंडक्टर. बाबगोंडाण्णा ड्रायव्हर. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, सांगलीजवळच्या एका गावचे जैन, घरी थोडा ऊस. उंच, सावळे, डोक्याला पांढरी टोपी. कोळशाच्या गाडीवर राहून ती टोपी पांढरी कशी राहते याची स्टँडवर चर्चा चालायची. आम्ही पहिल्या दिवशी सांगलीहून साताऱ्याला यायचो, मुक्काम करायचो, दुसऱ्या दिवशी खंबाटकीचा घाट चढून पलीकडच्या खंडाळ्याला जायचो, आणि तसेच परत.

साताऱ्याच्या त्या सकाळी अजून नाकात आहेत. किल्ल्यावरून उतरणारा गार वारा, हॉटेलातल्या पहिल्या घाण्याच्या भज्यांचा वास, न्हाव्याच्या दगडावर वस्तरा घासल्याचा आवाज, आणि त्या सगळ्यात मधूनच ऐकू येणारा एक बारीक, काचेसारखा आवाज. टिण्. टिण्. अण्णा कोळसा वाजवून बघत असत.

ते गाडीच्या मागे उकिडवे बसायचे. पोतं ताडपत्रीवर ओतायचे, कोळसा हातानं पसरायचे, मोठे तुकडे सुपारीएवढे फोडायचे. मग दोन तुकडे घेऊन एकमेकांवर मारायचे. वाळलेला कोळसा वाजतो. ओला कोळसा वाजत नाही, नुसता ‘थप’ म्हणतो. जावळीकडच्या रानातून येणारा तो कोळसा, त्यातला खैराचा कुठला आणि जांभळीचा कुठला हे ते डोळे मिटून सांगत.

पण पसरण्याचं आणखी एक कारण होतं. रानातून आलेल्या पोत्यांत मुंग्या असत, घोणी असत, कधी पिल्लं पाठीवर घेतलेली विंचवीण. ऊन लागलं की ते सगळं आपापल्या वाटेनं निघून जायचं. अण्णा वाट बघायचे. मुंग्यांची रांग ताडपत्रीच्या कडेवरून उतरून गटाराकडे गेली की ते उठायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, “गेले पावणे. भर आता.”

उतारू वैतागायचे. “अण्णा, मुंग्यांस्नी टिकीट काढून द्या आन् पुढच्या शिटावर बसवा!” असं कुणीतरी रोज ओरडायचं. अण्णा हसायचे. “त्यांचं काय न्हाई बाबा, त्या चालत जात्यात. तुमास्नीच चालत जायला जमत न्हाई.”

आणि गाडी चालायची. हे मला आज सगळ्यांत आधी सांगायचं आहे. त्या रस्त्यावर कोळशाच्या सात-आठ गाड्या होत्या, आणि त्यातली दर खेपेला न ढकलता घाट चढणारी गाडी आमची एकच होती. बाकीच्या गाड्यांचे उतारू खाली उतरून ढकलायचे. आमचे उतारू बसून राहायचे, पान खायचे, खाली दरीत थुंकायचे. अण्णा चढाला कान देऊन गाडी हाकायचे. इंजिनाचा सूर जरा खाली आला की मला म्हणायचे, “जा रं, भट्टीला जरा हलीव,” आणि मी मागच्या शिडीवर चढून सळईनं निखारे ढवळायचो. वर निळ्या ज्योतीचा फुत्कार यायचा, सूर परत चढायचा. गाडीला गाणं म्हणायला लावल्यासारखं वाटायचं.

*

त्या दिवशी आदल्या रात्री साताऱ्यात वळीव झाला होता. पोती भिजली होती. सकाळी ऊन स्वच्छ पडलं. अण्णा देवदर्शनाला निघाले आणि जाताना मला म्हणाले, “आज मी येईस्तवर तू पसर. चांगला वाळू दे. उशीर झाला तर हूं दे, लोकांचं मी ऐकून घेतो.”

मी ताडपत्री अंथरली. पोतं तिथवर ओढलंही. आणि समोरच्या हॉटेलात मला एक हवालदार दिसला.

तो खटावकडचा होता, रजा संपवून लढाईवर परत चालला होता. कडक इस्त्रीचा खाकी सदरा, पायाशी काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. तो वाळवंटातल्या गोष्टी सांगत होता. रणगाड्याच्या पत्र्यावर चपाती भाजता येते म्हणाला. मला सैन्यात जायचं होतं. दोनदा गेलो होतो भरतीला. तळपाय सपाट म्हणून दोन्ही वेळा परत पाठवलं. मी हॉटेलाच्या दारात उभा राहून ऐकत राहिलो. चहा आला, दुसरा आला. ताडपत्री उन्हात मोकळीच पडून होती.

टोपी दिसली तेव्हा अण्णा गल्लीच्या टोकाला होते. मी धावलो. पोतं तसंच्या तसं भट्टीत उपडं केलं. आतला कोळसा हाताला गार लागला, लोण्यासारखा. शेजारी कालच्या पोत्यातला वाळलेला थोडा उरला होता. तो मी वर रचला. नीट, हातानं, एकेक तुकडा. झाकण उघडून कुणी पाहिलं तर वाळलेलाच दिसावा म्हणून.

“पसरला हुतास?”

“व्हय अण्णा.”

“पावणे?”

“गेले.”

त्यांनी झाकण उघडून पाहिलं. वरचे दोन तुकडे उचलून एकमेकांवर मारले. टिण्. त्यांनी मान हलवली आणि ते जागेवर जाऊन बसले. तो आवाज मी पुढं कितीदा ऐकला असेन, मोजदाद नाही.

तळाला कालचा वाळका कोळसा उरलेला होता; तेवढ्यावर गाडी पायथ्याच्या वेळे गावापर्यंत गेली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर सूर खाली आला. मी शिडीवर चढलो, ढवळलं. वर ज्योत आली नाही, पांढरा जड धूर आला. गाडी थांबली. अण्णा उतरून मागे आले, त्यांनी धूर नाकानं ओढला आणि माझ्याकडे पाहिलं.

“खरं सांग,” ते हळू म्हणाले. “पसरला हुतास?”

“दोनदा परतला,” मी म्हणालो.

 अण्णांनी बाही वर केली आणि ते पंख्याचं हँडल फिरवायला लागले. उतारू खाली उतरले. ऊन चढत होतं. एक बाई कडेवरच्या पोराला माकडं दाखवत होती. कुणीतरी म्हणालं, “मुंगी वाचवली आन् मानसं रस्त्यावर घातली!” लोक हसले. एकानं सुरुवात केली की दुसऱ्याला धीर येतो. “पूजा कर म्हनावं भट्टीची.” “आरं, मुंग्याच ढकलतील गाडी, बोलवा त्यास्नी.” अण्णा हँडल फिरवत होते. टोपीच्या कडेखालून काळा घाम उतरत होता. ती टोपी काळी झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आमच्याच गाडीनं आलेल्या हवालदाराला खंडाळ्यात पुण्याची गाडी गाठायची होती. तो ट्रंकेवर बसून मला म्हणाला, “कंडक्टर, काय झालं रं गाडीला?”

मला वाटलं, त्यानं हसावं. एवढंच. ज्यानं वाळवंट पाहिलंय त्या माणसानं माझ्या बोलण्यावर हसावं.

“गाडीला काय न्हाई झालं, हवालदारसाब,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “गाडीचा बाबगोंडा झालाय!”

तो हसला. ट्रंकेवर हात आपटून हसला. सगळा घाट हसला. अण्णांचा हात हँडलवर क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

दोन तासांनी गाडी कशीबशी वर चढली. हवालदार वाटेत दिसेल त्याला सांगत होता. खंडाळ्याला उतरताना त्यानं माझी पाठ थोपटली. “लय भारी शबूद काढलास गड्या. पलटनीत नेतो ह्यो.” त्यानं तो खरंच नेला असणार. रजेवर येणाऱ्या शिपायांच्या तोंडून तो परत आला. इकडे उतारूंच्या तोंडून पंधरा दिवसांत वाईच्या चहाच्या दुकानांत होता, महिन्याभरात कऱ्हाडच्या स्टँडवर, आणि दिवाळीपर्यंत सांगलीच्या बाजारात. पोरं रस्त्याच्या कडेनं पळत ओरडायची, “बाबगोंडा आला, बाबगोंडा आला!” हाक गाडीला असायची. गाडीतला माणूस ऐकायचा.

त्या घाटानंतर मी एक केलं. रोज अण्णांच्या आधी उठून कोळसा पसरायला लागलो. मुंग्यांची रांग गटाराकडे जाईपर्यंत बसून राहायचो. ती गाडी पुन्हा एकदाही घाटात थांबली नाही. त्यानं काही झालं नाही. शब्द पुढे निघून गेला होता.

*

लढाई संपली, पुढं स्वातंत्र्य आलं, आणि मग सरकारी मोटारी सुरू झाल्या. ड्रायव्हर-कंडक्टरांची भरती निघाली तेव्हा आम्ही दोघंही साताऱ्याला रांगेत होतो. अण्णा माझ्यापुढे चार माणसं सोडून. टेबलाशी नाव विचारलं. अण्णांनी स्पष्ट सांगितलं, “बाबगोंडा.” वडिलांचं नाव सांगायच्या आत सगळी रांग हसत सुटली. लोकांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मागून कुणीतरी म्हणालं, “गाडी स्वताच चालत आली की रं भरतीला!”

अण्णांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, सगळ्यांकडे. मग टोपी नीट केली, रांगेतून बाहेर पडले आणि पायऱ्या उतरून गेले. गाडी चालवून दाखवायचीच राहिली. त्यांच्याइतकी चांगली गाडी त्या रांगेत कुणालाही हाकता येत नव्हती, हे सांगू शकणारा तिथं एकच माणूस होता. तो पायांकडे बघत उभा राहिला, आणि त्याला नोकरी मिळाली. तीस वर्षं केली. तिच्याच फंडातून घर उभं राहिलं.

*

गॅरेजातल्या टायरवरून मी उठलो तेव्हा नातवाला म्हटलं, रिक्षा बघ, मला माधवनगरात जायचंय. अण्णांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांची मुलगी पद्मावती गिरणीत काम करणाऱ्या माणसाला दिली होती आणि ती कुठल्या गल्लीत राहते हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. त्या गल्लीच्या तोंडावरून मी कंडक्टर म्हणून किती वेळा गेलो असेन. घंटी वाजवायचो आणि दुसरीकडे बघायचो.

पद्माक्का आता सत्तरीच्या. अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ताडपत्री, हॉटेल, वर रचलेला वाळका कोळसा, हवालदार, रांग. आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडत होतं आणि मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा ते लहान निघालं. पाच-सात मिनिटांत संपलं.

“म्हाईत हाय मला,” पद्माक्का म्हणाल्या.

“कसं?” मी विचारलं.

“अण्णांनी त्याच दिवशी भट्टी रिकामी करून बघितली हुती, खंडाळ्यात. खाली वल्ला लगदा, वर कोरडा. घरी आल्यावर आईला सांगितलं. म्हनले, ‘पोरानं वर कोरडा रचला. म्हंजे माझा धाक हाय त्याला. मालकाला सांगितलं तर पोराचं काम जाईल.’ मग थोड्या दिसांनी म्हनले, ‘आता माझ्या आदी उठून पसरतोय. मुंग्या जाईस्तवर बसतोय. त्याला कळलंय.’”

“मग ते रागावले नाहीत?”

“त्या दिसाचा राग न्हाई धरला त्यांनी.” त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. “मी धरला हुता. शाळेत पोरं मला पाटीमागनं ढकलायची, ‘बाबगोंड्याची गाडी, धक्का मार’ म्हनून. आन् ते भरतीचं अण्णांनी कवाच कुनाला सांगितलं न्हाई. आज तुमच्याच तोंडून ऐकतीया. तितं तुमी बोलायला पायजे हुतं, तात्या.”

“पाहिजे होतं.”

“व्हय. पायजे हुतं.”

 त्या सूप उचलून आत गेल्या. मला वाटलं, आपण जावं. पण आतून आवाज आला, “बसा तितं. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या. आमच्यात मागनं चूल पेटत न्हाई.”

भाकरी, वांग्याची भाजी आणि ताक. ओसरीवर पिवळं ऊन होतं. जेवताना मी म्हणालो, “अक्का, मी लिहून काढतो सगळं. छापून आणतो. लोकांना सांगतो, हा शब्द वापरू नका.”

“आवं, कशाला?” त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि हसताना अगदी अण्णांसारख्या दिसल्या. “शबूद ऱ्हाऊं द्या की. भाऊ न्हाई, घरात त्यांचं नाव कुनाला ठेवलं न्हाई. आता त्यांचं नाव घेनारं कोन हाय? रस्त्यावर कोनतरी रोज हाक मारतंय, तेवढं तरी ऐकू येतंय. फकस्त कुनाचं नाव हाय ते सांगा. गाडी चांगली हुती, ते सांगा.”

निघताना त्यांनी मला माजघरातलं एक पत्र्याचं डबडं दाखवलं. त्यात कोळशाचे दोन तुकडे होते, धरून धरून गुळगुळीत झालेले. त्यांनी ते माझ्या हातात दिले. मी एकमेकांवर मारले. टिण्.

*

आठवड्यानं गाडी आणायला गेलो तेव्हा बंडूला मी बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तो मधे मधे “आयला” म्हणत होता. मी भट्टीचं सांगितलं, कोळसा कसा वाजवायचा ते सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं. खोटं कोण बोललं तेही सांगितलं. शेवटी तो हातातला पाना फिरवत म्हणाला, “म्हंजे न ढकलता घाट चढनाऱ्या ड्रायव्हरचं नाव आमी बंद पडलेल्या गाडीला देतोय व्हय?”

“होय.”

“कोळशावर? खंबाटकी?”

“बसल्या उतारूंसकट.”

 बंडूनं नातवाच्या गाडीचं बॉनेट लावलं, नेहमीसारखं आपटून नाही, दोन्ही हातांनी दाबून. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणीतरी बंद पडलेली गाडी ओढून आणायची म्हणत होतं. बंडूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोनवर म्हणाला, “आना की. हितं आदीच एक बाबगोंडाण्णा हायत, त्यांच्या शेजारी लावू.”

मी गाडीत बसलो. नातवानं किल्ली फिरवली. शेजारच्या लोहारानं भट्टीत कोळसा टाकला. चार दिवस ऊन पडलं होतं, धूर आला नाही. मी काच खाली करून मोठा श्वास घेतला.